वडिलांच्या आवाजातली रहस्यकादंबरी: जुन्या कॅसेट, नवं रेकॉर्डिंग आणि ऐकण्याची रीत

पानउलट (धागाकर्ता)

ज्यांच्या घरी आई किंवा वडील रहस्यकादंबरी मोठ्याने वाचून दाखवत, त्यांना पुढे कधीतरी तीच किंवा त्याच धाटणीची कादंबरी ऑडिओवर ऐकताना एक अनुभव हमखास येतो. निवेदक परका असतो, चांगला असतो, पण दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणापासून कानात घरचा आवाज वाचायला लागतो. हा इन्स्पेक्टर एवढा भरभर बोलायचा नाही. या वाक्याआधी थांबायला हवं होतं. हे नाव असं उच्चारायचं नाही. कथा मागे पडते आणि माणूस समोर येतो.

याबद्दल हळवं बोलणं पुष्कळ होतं, मला इथे जाणकारांकडून नेमकी माहिती हवी आहे. रहस्यकथेतच हे इतकं ठळक का होतं? त्या वाचनाच्या कॅसेट कपाटात पडून असतील तर त्यातला आवाज आज बाहेर कसा काढायचा? आणि ज्यांचे आई-वडील आजही वाचू शकतात, त्यांनी एक अख्खी कादंबरी त्यांच्या आवाजात कशी नोंदवून ठेवावी? माझं मत असं की हे शेवटचं काम सर्वांत आधी करावं. कॅसेट आणखी सहा महिने थांबेल, माणसाच्या आवाजाचा भरवसा देता येत नाही. कुणाचं वेगळं मत असेल तर जरूर लिहा.

चौकस

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो. आठवण ज्या परिस्थितीत साठते, तिथली एखादी खूण परत भेटली की ती सहज वर येते. टल्विंग आणि थॉमसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये हे तत्त्व मांडलं. मोठ्याने वाचलेल्या कादंबरीत अशा खुणा ओळीने लावलेल्या असतात, कारण तीच वाक्यं त्याच क्रमाने पुन्हा येतात. गप्पांच्या आठवणींना ही सोय नसते.

रहस्यकथेचं वेगळेपण तिच्या बांधणीत आहे. ऐकणारा सावध असतो, बारीकसारीक तपशील धरून ठेवत असतो. लक्ष देऊन ऐकलेलं पक्कं बसतं. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं ते असं: वाचून दाखवणाऱ्याला बहुतेक वेळा शेवट माहीत असतो आणि ऐकणाऱ्या मुलाला नसतो. त्यामुळे मूल कथेबरोबर वाचणाऱ्याच्या आवाजातही धागेदोरे शोधतं. या नोकराच्या वाक्यावर आवाज का उतरला? या डॉक्टरचं वर्णन एवढं घाईत का उरकलं? कथेतला तपास आणि वडिलांच्या आवाजाचा तपास एकाच वेळी चालतो. एरवी कुठलंही मूल आपल्या बापाचा आवाज इतका बारकाईने ऐकत नाही. म्हणून पुढे खुनी कोण होता ते विसरायला होतं, पण कुठे थांबले होते ते लक्षात राहतं.

शिवाय साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी उतारवयात जास्त प्रमाणात वर येतात, हे संशोधनात सातत्याने दिसलं आहे. वाचून दाखवण्याचे दिवस त्याच्या तोंडावरच येतात.

शेवटचं_पान

चौकस यांच्या मधल्या परिच्छेदाला शंभर टक्के अनुमोदन. धागा लांबणार हे दिसतंय, म्हणून एकच विनंती: उदाहरण देताना कुणी कुठल्याही कादंबरीतला खुनी सांगू नका!

फीतवाला

कॅसेटबद्दल. सर्वांत जास्त नुकसान होतं ते सापडलेली कॅसेट तशीच हाताशी असलेल्या टेपरेकॉर्डरमध्ये घालून प्ले दाबल्यामुळे. वर्षानुवर्षं न चाललेल्या यंत्राचा रबरी रोलर कडक आणि तुळतुळीत झालेला असतो, पट्टा सैल पडलेला असतो. रोलर फीत पुढे ढकलतो, पण गुंडाळणारी चकती ती वेळेवर ओढून घेत नाही. मग फीत रोलरभोवतीच गुंडाळली जाते आणि चुरगळते. म्हणून आधी यंत्र तपासा, आणि तेही गेली तरी चालेल अशी कॅसेट लावून. ती दोन्ही बाजूंनी पूर्ण चालली तरच वडिलांची कॅसेट हातात घ्या.

यंत्र चालवण्याआधी हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) आणि त्याच्या शेजारची फिरणारी धातूची बारीक दांडी कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काडीवर तपकिरी डाग येणं थांबेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी रोलरही पुसा, पण अल्कोहोल त्यावर साचू देऊ नका.

आता कॅसेट. हातात घेतल्यावर पहिलं काम म्हणजे मागच्या कडेवरच्या दोन प्लॅस्टिकच्या टिकल्या मोडून टाकणं. त्या असल्या आणि चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तर आवाज कायमचा पुसला जातो. मग खिडकीतून फितीच्या वेढ्यांची कड बघा. पांढरट भुकटी किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी असू शकते. ती कॅसेट चालवू नका, बाकीच्यांपासून लगेच वेगळी ठेवा. ती चालवली की यंत्रातून पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागण होते. कड स्वच्छ असेल तर पेन्सिल घालून चकती हाताने फिरवून बघा. ती सहज फिरायला हवी.

त्यानंतर प्रेशर पॅड. फितीच्या मागे, मधोमध, पातळ धातूच्या पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा चिकटवलेला असतो. त्याचा गोंद सुकतो आणि तुकडा गळून पडतो. तो नसला की फीत हेडला टेकत नाही. आवाज दबका, उशीतून आल्यासारखा येतो आणि रेकॉर्डिंगच खराब आहे अशी समजूत होते. पट्टीसकट दुसऱ्या कॅसेटमधला पॅड काढून बसवा.

त्यासाठी खोकं उघडावं लागतं. कोपऱ्यांत स्क्रू असतील तर सोपं आहे. चिकटवलेलं असेल तर सांध्यात पातळ पातं घालून हळूहळू फोडा आणि फितीची दोन्ही रिळं स्क्रूवाल्या रिकाम्या खोक्यात हलवा. उघडताना खोकं टेबलावर आडवं हवं. उभं उघडलं तर कोपऱ्यातले छोटे रोलर आणि दोन्ही बाजूंचे निसरडे कागद घरंगळतात, आणि कागद उलटा बसला तर कॅसेट अडकते.

फीत तुटली असेल तर सेलोटेप अजिबात नको. त्याचा गोंद पसरतो आणि पुढच्या वेढ्याला चिकटतो. फीत जोडायची खास पट्टी मिळते, तीच वापरा. दोन्ही टोकं तिरकी कापा, एकमेकांना भिडवा, एकावर एक चढवू नका, आणि पट्टी हेडला न लागणाऱ्या बाजूने लावा.

शेवटी यंत्राच्या लाइन-आउटमधून संगणकाच्या लाइन-इनमध्ये तार. माइकच्या खाचेत घातली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. पातळी अशी ठेवा की सर्वांत मोठा आवाज उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या दरम्यान राहील. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह फाइल. काम प्रत्यक्ष वेळेतच होतं, म्हणजे नव्वद मिनिटांच्या कॅसेटला नव्वद मिनिटं लागणार. त्यात घाई करू नका.

ओसरी

फीतवाला, फारच उपयोगी. एक शंका. कॅसेट चालू असताना मधूनच बारीक किंचाळल्यासारखा आवाज येतो आणि तो फाइलमध्येही उतरतो. फीत ओव्हनमध्ये तापवायची असं वाचलं होतं. करावं का?

फीतवाला

ओसरी, नको. तापवण्याचा उपाय विशिष्ट रिळांच्या फितींसाठी आहे. त्यांच्यातला चिकटद्रव्याचा थर ओलावा शोषून चिकट होतो, म्हणून. घरगुती कॅसेटमध्ये हा दोष क्वचितच असतो, पण ओव्हनमध्ये खोकं मात्र वाकतं. तुम्ही म्हणताय तो आवाज घर्षणाचा आहे. फितीवरचं वंगण आणि खोक्यातले कागद सुकले की फीत कंप पावत जाते. रिळं नव्या खोक्यात हलवा, नव्या कागदांसकट. मग एकदा पूर्ण पुढे आणि एकदा पूर्ण मागे गुंडाळून घ्या. वेढ्यांचा ताण सारखा झाला की बहुतेक वेळा किंचाळणं थांबतं.

फक्त १२० मिनिटांची कॅसेट असेल तर यंत्रावर भरभर मागे-पुढे करू नका. तिची फीत फार पातळ असते, ताणली जाते. ती हातानेच फिरवा.

कानसेन

फीतवाला यांनी दोन गोष्टी सोडल्या आहेत आणि वडिलांचा आवाज वडिलांचा वाटतो की नाही, हे त्या दोन गोष्टींवरच ठरतं.

पहिली, हेडचा कोन. प्रत्येक यंत्राचं हेड किंचित वेगळ्या कोनात बसवलेलं असतं. ज्या यंत्रावर नोंद झाली त्याचा कोन आणि आजच्या यंत्राचा कोन जुळला नाही, तर वरच्या पट्टीतला आवाज जातो आणि 'स', 'श' बोथट होतात. हेडच्या बाजूला छोटा स्क्रू असतो. संगणकावरच्या रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही चॅनेल एकत्र करून मोनो ऐका आणि स्क्रू अगदी थोडा, पाव फेऱ्याच्या आत, फिरवत राहा. ज्या जागी 'स' सर्वांत धारदार ऐकू येतो ती जागा बरोबर. स्क्रूची मूळ जागा आधी शाईने खूण करून ठेवा. ही जुळणी प्रत्येक कॅसेटला नव्याने करावी लागते.

दुसरी, वेग. घरगुती टेपरेकॉर्डर सेलवर चालत असेल आणि सेल उतरत आलेले असतील, तर नोंद होताना फीत हळू सरकते. आज ती बरोबर वेगाने वाजवली की आवाज चिरका आणि घाईचा येतो. वडील असे बोलत नव्हते, पण नेमकं किती फरकाने, हे कानाने ठरवता येत नाही. आठवणीतला स्वर काही टक्के इकडे-तिकडे सहज सरकतो.

यंत्र विजेवर लावून नोंद केली असेल तर मोजपट्टी फितीतच सापडते. विजेची ५० हर्ट्झची गुणगुण नोंदीत मिसळलेली असते (काही देशांत ६०). दोन वाक्यांमधली शांत जागा निवडा आणि प्रोग्रॅममध्ये तिचा स्पेक्ट्रम (किती हर्ट्झवर किती जोर याचा आलेख) काढा. विंडो (एका वेळी तपासायच्या नमुन्यांची संख्या) किमान ६५५३६ घ्या, लहान घेतली तर ५० आणि ५२ वेगळे दिसतच नाहीत. टोक ५० ऐवजी ५२ वर आलं तर फीत ४ टक्के भरधाव वाजते आहे. वेग ५२ भागिले ५० या प्रमाणात कमी करा, म्हणजे ४५ मिनिटांची बाजू ४६ मिनिटं ४८ सेकंदांची होईल. प्रोग्रॅममध्ये वेग आणि स्वर दोन्ही एकत्र बदलणारा पर्याय घ्या. स्वर तसाच ठेवून फक्त वेग बदलणारा घेतला तर काम फुकट.

सावधगिरी एवढीच की आजच्या तुमच्या जोडणीतही गुणगुण असते. फीत न चालवता नुसती जोडणी नोंदवून बघा. ती बरोबर ५० वर दिसेल, फितीतली सरकलेली दिसेल. शंका वाटली तर १५० च्या आसपास बघा, तिथे फरक तिप्पट होतो.

ठाकठीक

एवढं सगळं करण्यापेक्षा एक सोपं सांगतो. फाइल तयार झाली की आवाज-सफाईचं साधन लावा. गुणगुण, खरखर, पंखा, पानांचा आवाज, सगळं जातं आणि स्वच्छ वाचन उरतं. ऐकणाऱ्याला रहस्य ऐकायचंय, पंखा नाही.

निरक्षीर

ठाकठीक, इथे मी ठामपणे असहमत आहे. आधी तांत्रिक कारण: गुणगुण आधी काढली तर कानसेन यांनी सांगितलेली मोजपट्टीच गेली. वेग आधी, सफाई नंतर. हा क्रम उलटला की परत फिरता येत नाही, जोवर मूळ फाइल जपलेली नसेल.

दुसरं, सफाईचं साधन २० डेसिबलवर लावलं की श्वास आणि शब्दांची शेवटची टोकं खरखरीबरोबर जातात. उरतो तो पाण्याखालून आल्यासारखा आवाज. ६ ते ८ डेसिबल पुरे. ८० हर्ट्झच्या खालचं कापा, गुणगुणीच्या आकड्यांवर अरुंद खाच द्या (म्हणजे तेवढीच पट्टी कापा) आणि थांबा.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. पान उलटल्याचा आवाज, खुर्चीची करकर, शेजारच्या खोलीतून कुणीतरी मारलेली हाक, हे त्या फितीवरचं दुसरं कुठेही न मिळणारं आहे. कादंबरी छापील मिळते. ती खोली मिळत नाही.

ठाकठीक

क्रमाचा मुद्दा मान्य. पण प्रत्येक ऐकणारा जपणूक करणारा नसतो. नातवंडांना खरखर ऐकवली तर ती पाच मिनिटांत उठून जातील. मग दोन प्रती ठेवा, एक मूळ आणि एक ऐकण्याची.

निरक्षीर

दोन प्रतींना माझी हरकत नाही. मूळ फाइलला हात लावायचा नाही, एवढंच माझं म्हणणं. तिच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर.

लेखणी

थोडं अवांतर, पण ऐकण्याच्या रीतीशी जवळचं. मराठी रहस्यकथा ऐकताना आवाजाच्या आधी क्रियापद फितूर होतं. 'मी आत गेलो' म्हटलं की खुनी पुरुष, 'गेले' म्हटलं की स्त्री. म्हणून खुन्याच्या तोंडी आलेलं प्रकरण लिहिताना मुरलेला लेखक सकर्मक भूतकाळ धरून चालतो. 'मी दार लोटलं. दिवा मालवला. चाकू पुसला.' इथे क्रियापद कर्माप्रमाणे चालतं आणि बोलणारा लपतो. तृतीयपुरुषी वर्णनात 'आकृती', 'व्यक्ती', 'सावली' हे शब्द कामाला येतात. ते स्त्रीलिंगी असल्याने 'एक आकृती जिना उतरली' यावरून काहीच कळत नाही.

ऑडिओत ही सगळी मेहनत निवेदक एका क्षणात घालवू शकतो. खुन्याच्या प्रकरणात त्याने आधी भेटलेल्या पात्राची लकब किंचितही वापरली की संपलं. चांगला निवेदक अशी प्रकरणं पात्राचा आवाज न काढता, स्वतःच्या सपाट आवाजात वाचतो. आई किंवा वडील घरी वाचतात तेव्हा बहुतेकदा हेच होतं, कारण ते आवाज काढत नाहीत. एका आवाजात वाचलेली रहस्यकथा ऐकणाऱ्याशी अधिक प्रामाणिक असते, असं माझं स्पष्ट मत आहे.

शेवटचं_पान

लेखणी, आता प्रत्येक 'आकृती' ऐकली की संशय येणार!

तिन्हीसांज

एका आवाजाबद्दल +१. कानांनी रहस्यकथा ऐकण्याची परंपरा बरीच जुनी आहे. ब्रिटनमध्ये अंधांसाठी १९३५ साली पहिली बोलकी पुस्तकं निघाली, तेव्हा पहिल्याच खेपेत अगाथा ख्रिस्तीची 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड' ही कादंबरी होती. तबकड्या मुद्दाम मंद गतीने फिरणाऱ्या होत्या, एका बाजूला साधारण २५ मिनिटं. त्यामुळे बाजू बदलायला उठावं लागायचं आणि कथा आपोआप हप्त्यांत ऐकली जायची. घरच्या वाचनातही तोच ताल असतो. आज ॲपवर सलग सहा तास ऐकलं की धागेदोरे निसटतात. झोपेचा टायमर मिनिटांवर लावण्यापेक्षा 'प्रकरण संपेपर्यंत' यावर लावा. मिनिटांवर लावला तर तो नेमका साक्षीच्या मधे बंद होतो, आणि दुसऱ्या दिवशी कुठून ऐकायचं ते कळत नाही.

मंद्रसप्तक

धागाकर्त्याच्या तिसऱ्या प्रश्नाकडे कुणी आलं नाही, म्हणून लिहिते. हल्लीचा साधा फोन पुरतो, पण रेकॉर्डिंगच्या सेटिंगमध्ये दाबून लहान केलेल्या फाइलऐवजी वेव्ह किंवा लॉसलेस (आवाजातलं काही न गाळणारा प्रकार) निवडा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो धरलं तर तासाला सुमारे ५१८ एमबी लागतात. तेवढी जागा आधी मोकळी करा. फोन विमान-मोडवर टाका, नाहीतर खुलासा चालू असताना हमखास कॉल येतो.

किती वेळ लागेल ते एक पान वाचून घेऊन मोजा. पानाला अडीच मिनिटं लागत असतील तर २०० पानांना ५०० मिनिटं, म्हणजे ८ तास २० मिनिटं. एका बैठकीला २० ते २५ मिनिटंच ठेवा. त्यापुढे घसा कोरडा पडतो आणि तोंडात टकटक सुरू होते, ती नंतर काढणं फार कटकटीचं. जवळ पाणी ठेवा, दर दोन-तीन पानांनी घोटभर. रोज एकाच वेळी बसा. सकाळचा आवाज जड असतो, संध्याकाळचा मोकळा, आणि एकाच प्रकरणात दोन्ही आले तर खटकतं.

फोन तोंडापासून १५ ते २० सेंमी, पण तोंडासमोर नको, एका बाजूला तिरका. समोर ठेवला की प, फ, ब, भ यांचा वारा थेट आदळतो आणि धप्प असा आवाज येतो. गाद्या-उशा, पडदे असलेली खोली निवडा. पुस्तक उभं राहील असा आधार द्या. मांडीवर ठेवलं की मान खाली जाते, गळा दबतो, आवाज कोंडतो. डोळ्यांना त्रास होत असेल तर पानं मोठी करून एकाच बाजूला छापून घ्या. दर बैठकीच्या सुरुवातीला कुणीही न बोलता ३० सेकंद नोंदवा. खोलीच्या या शांततेचा नमुना नंतर सफाईला आणि सांधे जुळवायला लागतो.

चूक झाली तर रेकॉर्डिंग थांबवू नका. एक टाळी वाजवा आणि अख्खं वाक्य पुन्हा वाचायला सांगा. टाळीचं टोक फाइलमध्ये लांबूनही दिसतं, कापायची जागा लगेच सापडते. अर्ध्या वाक्यापासून पुन्हा वाचून घेतलं तर स्वर जुळत नाही.

आणि कृपया दिग्दर्शन करू नका. 'जरा भाव आणून वाचा' म्हटलं की ते एखाद्या निवेदकाची नक्कल करायला लागतात आणि ज्या आवाजासाठी हा खटाटोप तोच जातो. वाचता वाचता ते पुस्तक खाली करून 'आता नीट ऐक हं' म्हणाले, हसले, 'हा मला पहिल्यापासूनच आवडत नव्हता' म्हणाले, तर ते कापायचं नाही. कादंबरी त्यांनाच निवडू द्या. अख्खी झेपत नसेल तर पहिलं प्रकरण आणि शेवटचा खुलासा, एवढं तरी घ्या.

ओसरी

ज्यांना आता वाचता येत नाही, फक्त ऐकता येतं, आणि तेही कमी, त्यांच्यासाठी काही? आवाज वाढवला तरी 'ऐकू येतं पण कळत नाही' असं म्हणतात.

कानामागे

ओसरी, ही तक्रार अगदी नेमकी आहे. वयानुसार वरच्या पट्टीतलं, साधारण २००० हर्ट्झच्या पुढचं ऐकणं आधी कमी होतं. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून बोलणं चालू आहे हे कळतं. स, श, फ, ख, थ ही व्यंजनं वर असतात, ती गळतात आणि शब्द ओळखू येत नाही. नुसता आवाज वाढवला तर स्वर अंगावर येतात, व्यंजनं तिथेच राहतात.

इक्वलायझरमध्ये (आवाजाच्या पट्ट्या वेगवेगळ्या कमी-जास्त करायची सोय) २००० ते ४००० हर्ट्झचा भाग ४ ते ६ डेसिबल वर घ्या, १५० च्या खालचा उतरवा. वेग ०.९ वर ठेवा. ०.८ च्या खाली बहुतेक ॲप आवाज लडबडवतात. एका कानाने कमी ऐकू येत असेल तर मोनो करा, नाहीतर एका बाजूचं पात्र गायब होतं. पार्श्वसंगीत असलेली नाट्यरूपं टाळा, दाराच्या करकरीखाली संवाद बुडतो. श्रवणयंत्र असेल तर फोनमधून थेट त्यात आवाज पाठवता येतो का ते आधी बघा, वरून हेडफोन चढवला की शिटी येण्याचा संभव असतो. आणि ऐकणं अचानक, एका-दोन दिवसांत कमी झालं असेल तर इक्वलायझर विसरा, त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे न्या.

पुस्तक निवडताना संशयितांची नावं बघा. सदानंद, सदाशिव आणि शशांक एकाच वाड्यात असतील तर कमी ऐकू येणाऱ्याला तपास अशक्य आहे. मोजकी पात्रं, सरळ काळ, तपास करणाऱ्याचा सोबती गोष्ट सांगतोय अशी रचना ऐकायला उत्तम. नकाशा, गाड्यांचं वेळापत्रक, सांकेतिक चिठ्ठी यांवर उभी असलेली रहस्यं कानाने सोडवता येत नाहीत. पात्रांची नावं आणि नाती मोठ्या अक्षरांत एका कार्डावर लिहून हाताशी ठेवा, आणि नवीन प्रकरणाआधी मागचं दोन वाक्यांत सांगा. मागचं सांगताना जे तपशील तुम्ही निवडता त्यातून उत्तर फुटतं, म्हणून खुन्यासह सगळ्यांचा सारखाच उल्लेख करा.

नवीपालवी

एवढे कष्ट कशाला? जुन्या कॅसेटमधल्या काही मिनिटांच्या आवाजावरून आता संगणक तोच आवाज तयार करतो. मग हवी ती कादंबरी वडिलांच्या आवाजात ऐकता येईल. नवीन प्रकाशित झालेलीसुद्धा.

मंद्रसप्तक

माणूस हयात असेल तर आधी त्यांना विचारा. नसेल तर त्यांनी याला कधी होकार दिलेला नाही, हे विसरू नका. त्यांनी न वाचलेलं पुस्तक त्यांच्या तोंडी घालणं मला पटत नाही.

चौकस

माझा आक्षेप वेगळा आहे. वर लिहिलं तसं, वाचणाऱ्याला शेवट माहीत असतो आणि तो त्याच्या थांब्यांत उतरतो. पुढे काय होणार हे माहीत असल्याने, आणि समोर बसलेल्या मुलाचा चेहरा बघत, वडील त्या एका वाक्यावर रेंगाळतात. संगणकाने बनवलेल्या आवाजात स्वराचा पोत येतो, पण समोर कोण बसलंय हे त्याला माहीत नसतं. फितीचा एखादा मिनिट गेलाच असेल आणि तो भरायचाच असेल तर वेगळ्या फाइलमध्ये, नावात स्पष्ट लिहून भरा. मूळ नोंदीत मिसळू नका. पुढच्या पिढीला कुठलं खरं हे कळायचा दुसरा मार्ग नाही.

नवीपालवी

वेगळी फाइल आणि स्पष्ट नाव, हे मान्य. होकाराचा मुद्दाही.

दुवा

एक सूचना, कारण उत्साहात लोक हे विसरतात. घरच्यांसाठी नोंदवणं वेगळं आणि इंटरनेटवर सगळ्यांसाठी टाकणं वेगळं. कादंबरीवर लेखकाचा हक्क त्याच्या निधनानंतरही राहतो. लेखकांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय बर्न करारानुसार किमान ५० वर्षं, भारतात ६०, अनेक देशांत ७०. वाचणारा आवाज तुमच्या वडिलांचा असला तरी मजकूर त्यांचा नाही. दृष्टिहीन आणि छापील मजकूर वाचू न शकणाऱ्या इतर अपंगांसाठी सुलभ प्रती करायला २०१३ च्या माराकेश कराराने वाट मोकळी केली आहे, पण ती त्यांच्यापुरतीच आणि त्या त्या देशाच्या कायद्याने चालते.

पानउलट

सगळ्यांचे आभार. मूळ प्रश्नाकडे परत येतो, कारण क्रमावर एकमत दिसत नाही. कॅसेटही आहेत आणि वडील वाचूही शकतात, अशा घरी आधी काय? शिवाय जुनी कॅसेट त्यांना आधी ऐकवावी की नंतर?

मंद्रसप्तक

आधी वाचन, आणि वाचन पूर्ण होईपर्यंत जुनी कॅसेट ऐकवू नका. ऐकवली की ते चाळिशीतल्या स्वतःच्या आवाजाशी बरोबरी करायला जातात, वरच्या पट्टीत ताणतात आणि दोन पानांत थकतात.

कानसेन

ऐकवण्याबद्दल थोडा मतभेद. सुरुवात करायलाच तयार नसतील तर जुन्या नोंदीची पाच मिनिटं ऐकवणं हाच उत्तम उपाय. फक्त वेग दुरुस्त केलेली ऐकवा. चिरकी फाइल ऐकून 'हा मी नव्हेच' म्हणतील आणि विषय संपेल.

फीतवाला

क्रमाबद्दल पानउलट यांचं मूळ मत बरोबर आहे, एका अपवादासह. आज सगळ्या कॅसेटच्या खिडक्या उजेडात धरून बघा. भुकटी दिसली तर ती कॅसेट कोरड्या जागी, बाकीच्यांपासून लांब ठेवून जाणकाराकडे द्यायच्या मागे लगेच लागा. बुरशी थांबत नाही. बाकी कॅसेट उभ्या, कोरड्या जागी, स्पीकरच्या लोहचुंबकापासून लांब ठेवा आणि वाचन सुरू करा. ओसरी, तुमच्या खोक्याला स्क्रू आहेत की ते चिकटवलेलं आहे, तेवढं बघून लिहा. त्यावर पुढचं सांगतो.

ओसरी

स्क्रू आहेत, पाच. खिडकी स्वच्छ आहे. पॅड मात्र पट्टीवर नाही, तळाशी पडलेला दिसतोय.

फीतवाला

मग आवाज दबका येत असेल तर तो त्याचाच. पडलेला पॅड पुन्हा चिकटवू नका. गोंद फेल्टमध्ये झिरपतो, कडक होतो आणि फितीवर ओरखडा पाडतो. दुसऱ्या कॅसेटमधली अख्खी पट्टी घ्या. पहिली बाजू उतरवून झाली की शांत जागेतला गुणगुणीचा आकडा इथे टाका, वेगाचं कानसेन बघतील.